निरुच्चार अनुस्वार : नेत्रपृष्ठाचे विकार आणि आरएनएवरील खुणा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण येथे जमतो ते जुन्या शुद्धलेखनाचे अभिमानी होते, हे त्यांच्या हाताखालून गेलेल्या पुष्कळांना आठवत असेल. १९६२ साली साहित्य महामंडळाचे नियम आले आणि उच्चारात न येणाऱ्या अनुस्वारांनी मराठीतून रजा घेतली. तरी फळ्यावर माणसाचे ‘नांव’ लिहायचे असेल तर गुरुजी त्याच्या डोक्यावर टिंब दिल्यावाचून पुढे सरकत नसत, आणि प्रकाशा गावच्या घाटावरून तापीत सोडलेली ‘नाव’ लिहायची असेल तर तेच टिंब कटाक्षाने टाळीत. दोन्ही शब्दांचा उच्चार एक, अक्षरेही तीच. परंतु त्या एका बिंदूमुळे वाचणाऱ्याला पुढे काय करायचे, कोणत्या अर्थाकडे वळायचे, हे आधीच कळून चुके. आजच्या विषयाचे शास्त्रीय अभिधान कितीही बिकट असले, तरी मुळात तो अशाच एका निरुच्चार बिंदूचा विषय आहे, एवढे ध्यानी ठेवून आपण माझ्याबरोबर यावे, अशी प्रार्थना आहे.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यात डोळ्यांच्या दुखण्याचा विषय निघाला की तो बहुधा मोतीबिंदूपाशी येऊन थांबतो, आणि त्यात नवल नाही. कारण शिबिरांतून झालेल्या शस्त्रक्रियांनी सातपुड्याच्या पाड्यांवरच्या कितीतरी वृद्धांना नातवंडांची तोंडे पुन्हा दाखविली आहेत. पण मोतीबिंदू हा डोळ्याच्या आतल्या भिंगाचा विकार असून ते भिंग काढून त्याच्या जागी दुसरे बसविता येते. मला बोलायचे आहे ते त्याच्याही पुढे असलेल्या, बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याविषयी, ज्याला वैद्यकात पारपटल म्हणतात. त्याच्या भोवतीची पांढरी श्लेष्मला, पापण्यांच्या कडांतील तेलग्रंथी आणि या सर्वांवर अखंड पसरलेला अश्रूंचा पातळ थर, हे सारे मिळून जे नेत्रपृष्ठ होते त्याविषयी. हे पारपटल मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचे. त्यात रक्तवाहिनी नाही, कारण रक्तवाहिनी आली की पारदर्शकता गेली. प्राणवायू ते अश्रूंतून थेट हवेकडून घेते. त्याच्या बाह्यस्तरात पेशींचे पाच ते सात थर असतात, आणि ते थर आठवडा-दहा दिवसांत झडून नवे होतात. नव्या पेशींचा हा पुरवठा काळ्या आणि पांढऱ्या भागांच्या सीमेवर वस्ती करून राहिलेल्या मूलपेशी करतात. म्हणजे ज्या खिडकीतून आपण जग पाहतो तिची काच दर आठवड्याला नवी ओतली जाते, आणि ती ओतणारे कारागीर खिडकीच्या चौकटीतच राहतात.

या पृष्ठाची दुखणी आमच्या लोकांनी आपापल्या शब्दांत फार पूर्वीच ओळखली आहेत. पापणीच्या आत दाणे आले की खुपऱ्या, नाकाकडून बुबुळावर मांस चढू लागले की वडस, जखम भरताना पांढरा डाग राहिला की डोळ्यात फूल पडले. खुपऱ्यांनी एके काळी या देशात किती दृष्टी घालविल्या, त्याची आठवण जुन्या पिढीला आहे. १९६३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यक्रम आखावा लागला, आणि २०२४ च्या ऑक्टोबरात जागतिक आरोग्य संघटनेने भारतात हा रोग सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपुष्टात आल्याचे जाहीर केले. एवढे मोठे काम आपल्या डोळ्यांदेखत पुरे झाले आणि त्याचा उत्सव कोणी केला नाही, याची मला खंत वाटते.

वडस मात्र आहेच. ऊन, धूळ आणि वारा यांत जन्म काढणाऱ्याच्या डोळ्यावर तो चढतो, आणि विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंच्या ज्या उष्ण पट्ट्यात त्याचे प्राबल्य असते त्यात, एकविसाव्या अक्षांशावरचे आपले नंदुरबार नि:संशय मोडते. चुलीचा धूर आहे. ज्वारीच्या कणसाचे कुसळ आहे, उसाच्या पातीची धार आहे. तंबाखूबरोबरची चुन्याची डबी आहे, जी घरात लहान मुलाच्या हाती लागते आणि दाबली की तिचे तोंड नेमके त्याच्या चेहऱ्याकडे असते. आणि आपली मिरची आहे. दसरा-दिवाळीपासून शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर ओली लाल मिरची वाळत पडते, आणि देठ खुडणाऱ्या बाया तोंडाला फडके बांधून, डोळे मात्र उघडेच ठेवून, दिवसचे दिवस तिच्यात बसतात. ज्या गावाच्या बाजारपेठेचा लौकिक या मिरचीवर उभा आहे, त्या गावाने त्या उघड्या डोळ्यांकडे एकदा नीट पाहिले पाहिजे.

मिरचीचे तिखटपण ज्या कॅप्सायसिनमुळे असते ते मज्जातंतूंवरील ज्या ग्राहकाला जाऊन भिडते, तो ग्राहक डेव्हिड ज्युलियस यांनी १९९७ साली ओळखला आणि त्या कामासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. शरीराच्या कोणत्याही पृष्ठभागापेक्षा पारपटलात मज्जातंतूंची दाटी अधिक. म्हणून तिखटाचा हात डोळ्याला लागला की काय होते ते कोणाला सांगायला नको. सांगण्यासारखे आहे ते निराळेच. हे द्रव्य मज्जातंतूला आधी पेटविते, आणि मारा अतिरिक्त झाला तर बधिर करते; प्रयोगातील ज्या प्राण्यांचे मज्जातंतू त्याने असे निकामी केले, त्यांच्या पारपटलाच्या जखमा भरून यायला विलंब लागला. कारण त्या मज्जातंतूंचे काम केवळ वेदना कळविण्याचे नाही. भोवतीच्या पेशींना जगविणारी द्रव्ये तेच पुरवितात. तेव्हा ‘मला आता मिरची झोंबत नाही, सवय झाली’ असे एखादी बाई सांगते, ते ऐकून आपण निश्चिंत व्हावे की चिंतित व्हावे, याचा विचार वैद्याने केला पाहिजे.

आता त्या बिंदूकडे वळतो. पुण्याचे पेशवे दफ्तर ज्यांनी पाहिले असेल त्यांनी ते डोळ्यांसमोर आणावे. पेशीच्या केंद्रकात वंशपरंपरेचे मूळ बाड असते, ते म्हणजे डीएनए. ते दफ्तराबाहेर काढण्याची सक्त मनाई आहे. कोणते प्रथिन बनवायचे असेल त्याचा मजकूर उतरून नक्कल काढली जाते, तिला आरएनए म्हणतात, आणि ती नक्कल बाहेर कारखान्याकडे रवाना होते. आम्ही विद्यार्थी असताना शिकलो ते इतकेच: मूळ लेख, नक्कल, आणि नकलेबरहुकूम माल. परंतु ज्याने कचेरीतील कागद हाताळले आहेत तो जाणतो की, नकलेची बजावणी तिच्या मजकुरावर जितकी अवलंबून असते तितकीच तिच्या समासातल्या शेऱ्यावर असते. ‘तातडीचे’ असा शेरा पडलेला कागद त्याच दिवशी हलतो. ‘वाचून नष्ट करावे’ असा शेरा असलेला संध्याकाळपर्यंत उरत नाही. आणि मोर्तब नसलेला कागद कितीही सुंदर अक्षरात लिहिलेला असला तरी तसाच धूळ खात पडतो. आरएनएच्या नकलांवरही असे शेरे असतात. त्यांचे एकशे सत्तरहून अधिक प्रकार आजवर ओळखले गेले आहेत.

त्यांतला संदेशवाहक आरएनएवर सर्वांत विपुल आढळणारा म्हणजे ‘एम-सिक्स-ए’. ॲडेनिन नावाच्या अक्षराच्या सहाव्या स्थानावरील नत्राला एक मिथिल गट, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजन, चिकटतो, बस्स. त्याने अक्षर बदलत नाही, प्रथिनातील एकाही घटकाची अदलाबदल होत नाही. उच्चार तोच राहतो, आणि तरीही त्या नकलेचे आयुष्य किती, तिच्यावरून माल किती निघावा, ती कोणत्या दालनात जावी, हे त्या बिंदूवरून ठरते. गुरुजींचा ‘नांव’वरचा अनुस्वार तो हाच. बिंदू देणारे कारकून आहेत, ‘मेटल-३’ आणि ‘मेटल-१४’ ही विकरांची जोडी. बिंदू पुसणारे आहेत, ‘एफटीओ’ आणि ‘एएलकेबीएच-५’. आणि बिंदू वाचून त्याप्रमाणे अंमल करणारे आहेत, ज्यांतला ‘वायटीएचडीएफ-२’ हा बिंदू दिसताच त्या नकलेला नाशाकडे नेतो.

या ज्ञानाचा इतिहास सरळ रेषेत चाललेला नाही. आरएनएतील पहिली परिवर्तित खूण १९५१ साली सापडली. १९६५ साली रॉबर्ट हॉली यांनी यीस्टच्या एका वाहक आरएनएचा ७७ अक्षरांचा पाठ प्रथमच संपूर्ण वाचला, तेव्हा नेहमीच्या चार अक्षरांखेरीज अशी कितीतरी बिंदूयुक्त अक्षरे त्यात निघाली; १९६८ च्या ज्या नोबेल पारितोषिकात आपले हरगोविंद खोराना वाटेकरी होते, त्यांतले एक सहमानकरी हे हॉलीच होत. एम-सिक्स-ए ही खूण संदेशवाहक आरएनएवर असल्याचे १९७४ साली कळले. परंतु ती नेमकी कोठे कोठे आहे हे पाहण्याचे साधन हाती नसल्याने जवळजवळ चार दशके तो विषय अडगळीत पडून राहिला. २०११ साली शिकागोच्या चुआन हे यांच्या प्रयोगशाळेने दाखवून दिले की, लठ्ठपणाशी ज्याचे नाव जोडले गेले होते तो एफटीओ हा विकर ही खूण पुसून टाकू शकतो. लिहिलेले पुसता येते, याचा अर्थ ते प्रसंगानुरूप लिहिले जात असले पाहिजे. हा एक निष्कर्ष निघाला आणि दुसऱ्याच वर्षी संपूर्ण पेशीतील या खुणांचे नकाशे तयार झाले.

दुसरी एक हकिगत जगभरच्या असंख्य लोकांच्या दंडापर्यंत येऊन पोचली आहे. कातालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन या दोघांची गाठ पेनसिल्व्हेनियाच्या विद्यापीठात छायाप्रती काढण्याच्या यंत्राजवळ पडली, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. नकलांच्या शास्त्रात ज्यांनी क्रांती केली त्यांची ओळख नकला काढतानाच व्हावी, हा योग मला मनोहर वाटतो. बाहेरून आत घातलेला आरएनए शरीराचे पहारेकरी शत्रू समजून धरतात, पण त्यातील काही अक्षरांवर निसर्गातल्यासारख्या खुणा केल्या तर ते त्याला दस्तक असलेला वाटसरू समजून सोडतात, हे त्यांनी २००५ साली दाखविले; करोनाच्या साथीत जगभर टोचल्या गेलेल्या प्रमुख आरएनए लसी या शोधावर उभ्या राहिल्या आणि २०२३ चे नोबेल त्यांना मिळाले. रोज धूळ, परागकण आणि जंतू यांच्या समोर उघड्या असणाऱ्या नेत्रपृष्ठाला आपला कोण आणि परका कोण हे क्षणोक्षणी ठरवावे लागते, तेव्हा ही दस्तकाची व्यवस्था डोळ्याच्या वैद्याला किती महत्त्वाची, ते वेगळे सांगायला नको.

नेत्रपृष्ठालाच या खुणांचे इतके अगत्य का, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की, ज्या उतीला आठवड्यात नवे व्हायचे आहे आणि कुसळ लागल्यापासून घटकाभरात जखमेवर पेशी सरकवायला सुरुवात करायची आहे, तिला नवी नक्कल काढून घेण्याइतकी सवड नेहमीच नसते. हाताशी असलेल्या नकलांवरचे शेरे बदलणे हाच तेथे त्वरेचा मार्ग. आणि प्रयोगांची साक्ष या दिशेने जाते. उंदरांच्या पारपटलाला क्षाराने भाजविले असता त्यातील मेटल-३ चे प्रमाण वाढल्याचे चीनमधील संशोधकांना आढळले. उलट, सीमेवरील मूलपेशींतून हा कारकूनच काढून टाकला तेव्हा त्या पेशी अधिक वेगाने वाढल्या, पुढे सरकल्या आणि जखम लवकर भरली. पारपटलात जेथे नसाव्यात तेथे रक्तवाहिन्या घुसतात, त्या घुसखोरीलाही याच मेटल-३ चा हातभार लागतो, असे अन्य प्रयोगांतून दिसले. फ्युसेरियम नावाच्या बुरशीने उंदरांच्या डोळ्यांत व्रण घडविले तेव्हा त्या उतीतील खुणांचा सारा नकाशाच बदलला, आणि दाह भडकविण्यात पुन्हा मेटल-३ चा वाटा निघाला. वडसाच्या उतीतही निरोगी श्लेष्मलेहून या खुणांची मांडणी निराळी आढळली आहे.

क्षार म्हणजे आपला चुनाच. फ्युसेरियम म्हणजे कुसळाबरोबर, उसाच्या पातीबरोबर डोळ्यात जाणारी शेतातली बुरशी. दूरच्या प्रयोगशाळेत उंदराच्या डोळ्यावर जे मुद्दाम घडविले जाते, ते येथे शहादा-तळोद्याच्या शिवारात माणसाच्या डोळ्यावर आपोआप घडते.

यावरून मेटल-३ ला आवरणारे थेंब काढले की काम झाले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि तो आवरला पाहिजे असे माझे स्पष्ट मत आहे. एका जखमेत ज्याचा उपद्रव दिसला तोच कारकून शेकडो अन्य नकलांवर योग्य शेरे मारीत असतो. त्याच्यावाचून उंदराचा गर्भ जन्माला येण्याइतका जगतच नाही. एका हुकुमासाठी सारी कचेरी बंद करण्यात शहाणपण नाही. शिवाय शेरा मारायला आधी नक्कल निघावी लागते, आणि जेथे नक्कलच धड निघत नाही तेथे शेऱ्याची चर्चा व्यर्थ होय. जीवनसत्त्व ‘अ’ हे केंद्रकात जाऊन कोणत्या जनुकाची नक्कल काढायची हे ठरविते. त्याचा अभाव झाला की श्लेष्मला त्वचेसारखी कोरडी आणि शिंगट होऊ लागते, रातांधळेपणा येतो, आणि शेवटी पारपटल विरघळते. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांच्या कुपोषणाविषयी मी येथे अधिक बोलण्याची गरज नाही. नवव्या महिन्याला एक लाख एककांचा डोस, पुढे पाच वर्षांचे होईपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा, ही योजना १९७० पासून देशात आहे. तो डोस प्रत्येक पाड्यावर पोचला पाहिजे, आणि त्याच्याबरोबर शेवग्याचा पालाही ताटात आला पाहिजे.

भाजलेल्या डोळ्यांना आजही आशा आहे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतील वीरेंद्र सांगवान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक सुटसुटीत पद्धत मांडली: चांगल्या डोळ्याच्या सीमेवरचा अगदी लहान तुकडा घेऊन, त्याचे बारीक कण करून ते गर्भावरणाच्या पडद्यावर रोवायचे, आणि त्यांतून नवे पृष्ठ उगवू द्यायचे. मूलपेशी वाढविण्यासाठी वेगळ्या प्रयोगशाळेची गरजच त्यांनी काढून टाकली. अशा रोवलेल्या कणांनी लवकर धरावे म्हणून त्यांच्यावरचे शेरे काही दिवसांपुरते बदलता आले, तर तो उपयोग मला सर्वांगीण थेंबांपेक्षा अधिक संभवनीय वाटतो.

माझ्या कोवळ्या वयातील वैद्यकीचा एक प्रसंग सांगतो. धडगावच्या बाजूची एक पावरा समाजाची तरुण बाई ज्वारी काढताना डोळ्यात कुसळ गेले म्हणून आली, ती नवव्या दिवशी. मधल्या काळात कोणी ते पदराच्या टोकाने काढले होते, कोणी अंगावरचे दूध घातले होते, आणि शेवटी वाटेतल्या एका बाजारगावात कोणीतरी तिला स्टिरॉइडचे थेंब दिले होते, ज्यांनी दोन दिवस लाली उतरली आणि बुरशीला मोकळे रान मिळाले. डोळा राहिला, दृष्टी गेली. तिने मला एकच विचारले: पहिल्याच दिवशी आले असते तर? मी तेव्हा गप्प राहिलो.

त्या प्रश्नाचे उत्तर नेपाळमधील भक्तपूरच्या अभ्यासाने २००१ साली दिले. तेथे गावोगावच्या स्वयंसेवकांना पारपटलावरचे ओरखडे ओळखायला शिकविले होते, आणि ओरखडा दिसताच क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस घालायचे, एवढीच कामगिरी त्यांच्यावर सोपविली होती. ज्यांना ते अठरा तासांच्या आत मिळाले त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. जो जो उशीर, तो तो व्रण अधिक.

म्हणून मी दोन गोष्टी मागतो. पहिली विद्येची. डोळ्याच्या पृष्ठाला लहानसा कागदी पडदा हलकेच टेकवून उचलला की वरच्या पेशी त्याला चिकटून येतात. सुरी नको, टाका नको, आणि त्या पेशींतून आरएनए काढता येतो. नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने आणि जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने मिळून पथारीवरच्या बायांच्या डोळ्यांची, त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने आणि उपचाराची हमी देऊन, हंगामाआधी आणि हंगामानंतर अशी नोंद करावी. उंदराच्या डोळ्यावरचे बिंदू जगाने वाचले आहेत. तिखटात बसणाऱ्या बाईच्या डोळ्यावर काय लिहिले जाते ते वाचण्याचा पहिला हक्क, आणि पहिले कर्तव्यही, नंदुरबारचे आहे. तोवर व्यापाऱ्यांनी फडक्याबरोबर चष्माही द्यावा. त्यासाठी कोणत्याही संशोधनाची वाट पाहण्याचे कारण नाही.

दुसरी मागणी त्याहून साधी आहे. चुना डोळ्यात गेला तर जागच्या जागी, वैद्याकडे निघण्यापूर्वी, अर्धा तास स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा, हे प्रत्येक शाळेत शिकवावे. आणि प्रत्येक आशा कार्यकर्तीच्या पिशवीत ते मलम असावे, आणि ओरखडा कसा ओळखायचा व रुग्णाला पुढे केव्हा धाडायचे, हे तिला शिकविलेले असावे. मोलगीहून, तोरणमाळच्या पलीकडच्या पाड्यांवरून निघालेल्या माणसाला घाट उतरून नंदुरबार गाठायला अठरा तास पुरतीलच असे नाही. तेव्हा मलमानेच घाट चढून तिकडे गेले पाहिजे.